दारापुढं एकच जोड

बुटांच्या दुकानाबाहेर वहाणा काढून अनवाणी आत गेलेला माणूस सांगलीत माझ्याआधी कुणी झाला असेल, असं मला वाटत नाही.

आता यात माझा अगदीच दोष नव्हता. आमच्याकडं कापडाच्या दुकानात पांढऱ्या गाद्या घातलेल्या असायच्या. पायताण उंबऱ्याबाहेर, मग माणूस आत. सोनाराकडं तेच, वैद्याकडं तेच. पायाला जी सवय लागते ती डोक्याला विचारत नाही. तेव्हा बुटांच्या दुकानाची पायरी आली, पायांनी आपणहून वहाणा सोडल्या आणि मी धुळीनं माखलेल्या पावलांनी आत जाऊन खुर्चीवर ऐटीत बसलो.

दुकानदार पन्नाशीचे, धोतर-कोटातले, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी आधी माझ्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"साहेब, पायातलं कुठं आहे?"

"बाहेर काढलंय."

"का?"

ह्या प्रश्नाला आजतागायत मला उत्तर सापडलेलं नाही.

"अहो, हे काय देऊळ आहे? जुनं पायताण कुठं झिजलंय ते बघितल्याशिवाय नवं कोणतं द्यायचं हे मला कसं कळणार? घेऊन या आत."

मी बाहेर गेलो. बाजाराचा दिवस होता. पायरी स्वच्छ मोकळी होती. माझ्या वहाणा, ज्यांचा एक अंगठा सुतळीनं बांधलेला होता आणि ज्यांना मी स्वतः फुकट दिल्या तरी कुणी घेतल्या नसत्या, त्या कुणीतरी नेल्या होत्या.

खरं सांगायचं तर मी त्या दिवशी बूट घ्यायला गेलोच नव्हतो. नुसते बघून, भाव विचारून परत यायचं ठरवलं होतं. आता अनवाणी परत जाणं किंवा घेणं, एवढेच दोन मार्ग उरले.

ही गोष्ट चौसष्ट-पासष्टच्या सुमाराची. साताऱ्याहून माझी बदली सांगलीला झाली होती. सरकारी कचेरीतला कारकून मी, वय पस्तिशीचं. बायको आणि आठ वर्षांची मुलगी साताऱ्यात मंगळवार पेठेत. हिचा घरातच शिवणवर्ग चालायचा. दुपारी दहा-बारा मुली शिकायला यायच्या. 'वर्षभरात परत बदली करून घेतो, तोवर संसार कशाला हलवायचा?' असं मीच मोठ्या तोऱ्यात सांगून निघालो होतो. चार महिने झाले होते. बदलीचं नाव नव्हतं. महिन्यातून एकदा साताऱ्याला जायचो आणि बाकीचे दिवस खणभागातल्या एका माडीवरच्या खोलीत काढायचो.

बुटांचं डोक्यात भरवलं ते कचेरीतल्या एका सोबत्यानं. तो आष्ट्याचा, रोज एसटीनं येऊन-जाऊन करणारा. एकदा मी टेबलाखालून पाय बाहेर काढले, तर तो म्हणाला, "आरं गड्या, ह्या वहाणा हायत का नांगराचा फाळ? सायेब येतोय तपासनीला. जरा मानसात ये."

तर दुकानदारांनी एका ओल्या फडक्यानं माझे पाय पुसले. मी संकोचून पाय मागं घेतला, तर म्हणाले, "राहू द्या. माझा धंदाच आहे हा." मग पाऊल हातात घेऊन वळवून पाहिलं.

"सातारचे का?"

"कसं ओळखलंत?"

"बोलण्यावरून. पण पाऊलही तसंच आहे. पुढं फावड्यासारखं रुंद. चढावर चालून बोटं पसरतात."

पहिल्यांदा त्यांनी काढले ते काळे, चकचकीत, टोकदार बूट. तेव्हा त्यांची फॅशन होती. टोक इतकं निमुळतं की त्यानं लोणच्याची फोड टोचून खाता आली असती. मी पाय घातला. करंगळीनं आतून बोंब मारली. तरी आरशात उभा राहिलो आणि क्षणभर मला वाटलं की आपण बरे दिसतो. मग दोन पावलं चाललो आणि ते वाटणं संपलं.

"ते दिसायचे बूट आहेत," दुकानदार म्हणाले. "लग्नात, तेही बसून राहायचं असेल तर. तुम्हाला कशासाठी हवेत?"

"चालायला."

"कुठं?"

"असंच. संध्याकाळी."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडं बघितलं आणि पुढं विचारलं नाही. मग पांढरे कॅनव्हासचे काढले. स्वस्त, हलके, पायाला सुखाचे. पण लेंग्यावर घातले की मी कवायतीचा मास्तर दिसत होतो. शिट्टी तेवढी कमी होती. मग सँडल. मग नाडीचे तपकिरी, त्यांची किंमत ऐकून मी नाडी बांधायच्या आधीच सोडली. शेवटी वरच्या फळीवरून त्यांनी एक खोकं काढलं. बिननाडीचे, मऊ तपकिरी चामड्याचे, पुढं गोल आणि खाली जाड पिवळसर क्रेप रबराचा तळ. त्यांनी तो बूट दोन्ही हातांत धरून भाकरी मोडावी तसा मधोमध वाकवला आणि सोडला. तो पुन्हा सरळ झाला.

"जो वाकतो तो पायाचा, जो वाकत नाही तो दुकानाचा. घाला."

घातला. त्यांनी पुढं अंगठ्यानं दाबून पाहिलं, टाचेत बोट घालून पाहिलं.

"आता चाला. त्या आरशापर्यंत आणि परत. दोनदा नव्हे, दहा वेळा. लाजू नका, दुकानात तुमच्याशिवाय गिऱ्हाईक नाही."

मी येरझाऱ्या घातल्या. खाली आवाज नाही, काही नाही. जणू सतरंजीवर चालतोय. ते गुडघ्यावर हात ठेवून माझ्या पायांकडं बघत बसले होते. दर फेरीला विचारत होते, "टाचेला? करंगळीला? दुखतंय का कुठं?"

दुखतंय का कुठं, असं चार महिन्यांत मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही, काही नाही," आणि नाक पुसायचं निमित्त करून आरशाकडं वळलो. आरशात मी होतोच. तेही बरं दिसेना. मग भाव विचारला. काळ्यांपेक्षा पुष्कळ कमी, कॅनव्हासपेक्षा थोडा जास्त. घासाघीस करायची असते म्हणून थोडी केली, त्यांनीही रीत म्हणून थोडं उतरवलं आणि मी त्या गावात आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मनासारखं घेऊन बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी आष्ट्याच्या सोबत्यानं टेबलाखाली वाकून पाहिलं.

"लय झ्याक! पाव्हना वाटतूयस गड्या. वैनींनी बघितलं का?"

"नाही अजून."

"मग घातलंस कुनासाठी रं?"

आणि तो आपली पिशवी उचलून एसटी गाठायला पळाला. त्याला घरी जायचं होतं. लोक कचेरीतून घरी जातात हे त्या दिवसांत मला फार जाणवायचं.

माझ्या खोलीच्या शेजारी एक मोठं कुटुंब होतं. दारापुढच्या पायताणांवरून घरात माणसं किती हे आपल्याकडं कुणालाही सांगता येतं, त्यासाठी दार ठोठावावं लागत नाही. त्यांच्या दारापुढं पायताणांची जत्रा असायची. आजोबांच्या जाड वहाणा, बाईंच्या टाचा झिजलेल्या चपला, पोरांच्या एकमेकांवर पडलेल्या स्लिपर आणि एक बोटभर लाल बूट, त्याचा दुसरा बहुतेक वेळा जिन्यात सापडायचा. माझ्या दारापुढं माझा एक जोड. जुन्या वहाणा होत्या तेव्हाही एकच होता, पण त्या इतक्या गबाळ्या होत्या की तिकडं कुणाचं लक्ष जात नसे. हे नवे बूट दारापुढं असे नीट, सरळ, शेजारी-शेजारी बसायचे की ते एकटे आहेत हे जिन्यावरूनच दिसायचं. एकदोनदा मी त्यातला एक मुद्दाम वाकडा ठेवून पाहिला. काही फरक पडला नाही. वाकडा एकटा दिसायला लागला, एवढंच.

पुढच्या शनिवारी साताऱ्याला गेलो. रविवारी वर्गातल्या मुली नसतात, पण तो शनिवार होता आणि मी दुपारीच पोचलो. क्रेपच्या तळामुळं माझी चाहूल कुणाला लागली नाही. दारात आलो तर उंबऱ्यापासून पायरीपर्यंत मुलींच्या चपला. बारा जोड. माझे बूट ठेवायला जागाच नाही. आतून यंत्राची खडखड, मुलींचं हसणं, मधूनच हिचा आवाज, "अगं, शिवण उसव आणि परत घाल. उसवायला लाजायचं नाही." मी माझ्याच घराच्या दारात बूट हातात धरून उभा.

एका मुलीची नजर गेली. "बाई, पाहुणे आलेत."

हिनं यंत्रावरून मान वर केली. "पाहुणे नव्हेत ते," म्हणाली आणि हसली. सगळ्या मुली हसल्या. मीही हसलो. वाईट वाटून घ्यायला तसं काही नव्हतं. पण मी ते बूट शेवटी मागच्या दारी नेऊन ठेवले, हेही खरं.

संध्याकाळी हिनं ते पाहिले. "छान आहेत. महाग?"

"छे, बेताचेच."

"दिसतात मात्र भारी. सांगली मानवली म्हणायची तुम्हाला."

इथं माझं चुकलं. 'नाही मानवली' एवढे दोनच शब्द पुरले असते. पण पायात नवे बूट, मुलगी कौतुकानं त्यात पाय घालून घरभर फटक-फटक फिरतेय, बायको बऱ्या नजरेनं बघतेय. मी छाती काढून म्हणालो, "मानवली की. मजेत आहे मी."

पत्रातही तेच लिहायचो. 'मी मजेत आहे. तब्येत उत्तम. इकडची काळजी नसावी.' हात आपोआप लिहायचा.

आणि संध्याकाळी काय करायचो? चालायचो. कचेरी सुटली की खोलीवर जायचं धैर्य होत नसे. खानावळीत लवकर जेवून घ्यायचं. जेवताना भिंतीकडं तोंड करून बसायचं, म्हणजे समोर कुणी नाही याचं कारण भिंत आहे असं वाटतं. मग गणपतीच्या देवळावरून पुलाकडं. पूल ओलांडून सांगलवाडी. तिथून परत. मग विश्रामबागेच्या रस्त्यानं जिथपर्यंत माणसं दिसतात तिथपर्यंत, आणि परत. लोक आपापल्या घरी पोचेपर्यंत मी त्यांच्यातलाच एक वाटायचो. बूट चांगले होते, तक्रार करत नव्हते. दुकानदारांच्या दारावरून जाताना ते हात करायचे. मी हात करायचो. कधीकधी तेवढ्यासाठी मी त्या रस्त्यानं जायचो.

माघ लागता लागता घरमालकांनी मला हाक मारली. मागच्या बाजूची दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेली जागा रिकामी होत होती.

"कुटुंब आणणार असाल तर पहिल्या तारखेपर्यंत थांबतो. एकट्या माणसाला देणार नाही. घराची चूल थंड राहते."

मला लगेच लिहायला हवं होतं, की तुम्ही दोघी या, मला इथं एकट्याला करमत नाही. मी काय लिहिलं? 'मागील जागा रिकामी होत आहे. मालक पहिल्या तारखेपर्यंत थांबतील. कळावे.' जणू कचेरीचं परिपत्रक. हिचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. 'जागेचे वाचले. वर्षात बदली होईल असे तुम्हीच म्हणाला होता. मुलीची शाळा मध्येच तोडणे बरे नव्हे. वर्गात दोन मुली नव्या आल्या आहेत. तुम्ही तिकडे मजेत आहात हे वाचून समाधान वाटते.'

तिच्या जागी मीही हेच लिहिलं असतं. बसलेली घडी, स्वतःच्या हातानं उभा केलेला वर्ग, आणि मजेत असलेला नवरा. कोण कशाला हलेल?

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एसटीत बसलो. आष्टा, इस्लामपूर, कऱ्हाड, सगळ्या वाटेनं मी मनात भाषण जुळवत होतो. मुलीसाठी शाळा चांगली आहे, नदी आहे, भाजी स्वस्त आहे. स्वतःविषयी एक वाक्य त्यात बसवता येईना. कऱ्हाडला शेजारच्या आजोबांनी विचारलं, "आवं, तोंडातल्या तोंडात काय म्हनताय? स्तोत्र हाय व्हय?" मी हो म्हणालो.

शनिवार गेला. रविवारची सकाळही गेली. शाळा, नदी, भाजी हे सगळं मी सांगून टाकलं. ही "हं, हं" करत राहिली. भाजी स्वस्त आहे म्हणून कुणी संसार हलवत नाही, हे मलाही कळत होतं. दुपारी चारची गाडी होती.

जेवणं झाल्यावर ही मागच्या पायरीवर पॉलिशची डबी घेऊन बसली. मी परत निघायच्या दिवशी पायातलं नीट करून द्यायची तिची रीत होती. मी जवळच सुपारी कातरत बसलो होतो. तिनं एक बूट उचलला, झटकला, उलटा केला आणि तशीच थांबली. मग दुसराही उलटा केला.

"हे बूट कधीचे?"

"तुला ठाऊक आहे की. तीन महिने नसतील झाले."

"आणि तुमचं काम बसून."

"हो."

"मग हे बूट एकटेच फिरायला जातात का?"

मी मान पुढं करून पाहिलं. टाचांची बाहेरची कड तिरपी झिजून गेली होती. अंगठ्याखाली क्रेप पापडासारखा पातळ झाला होता. बूट मी रोज वरून पुसायचो. खालून कधी पाहिलेच नव्हते.

"क्रेप हलका लागला असेल," मी म्हणालो. एका भल्या माणसावर आळ घ्यायला मला क्षणभरही लागला नाही.

"हलकं कापड आणि झिजलेलं कापड यातला फरक मला कळतो. बुटाचं काय निराळं असणार? कुठं जाता?"

"असंच. पुलावर."

"पुलावर जाऊन-येऊन एवढं झिजत नाही."

"मग विश्रामबागेकडं."

"रोज?"

"रोज."

"कुणाबरोबर?"

मी सुपारी कातरत राहिलो. हवी होती त्याच्या चौपट कातरून झाली.

"अहो, मी विचारतेय. कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर असणार? खोलीवर बसवत नाही, म्हणून चालतो. शेजाऱ्यांच्या दारापुढं आठ-दहा जोड असतात. माझ्या दारापुढं हा एक. तो पायात घालून बाहेर पडलं, की निदान दारापुढं काही दिसत तरी नाही."

एसटीत कऱ्हाडपर्यंत जे वाक्य सापडलं नव्हतं ते असं सुपारीच्या अडकित्त्यातून बाहेर पडलं. आणि मग मी बोलतच सुटलो. खानावळीतल्या भिंतीचं सांगितलं. दुकानदारांना हात करायचं सांगितलं. बूट वाकडा ठेवून पाहिल्याचंही सांगितलं, ते खरं तर सांगायला नको होतं. ती हसली नाही. तेव्हा मला थोडी भीती वाटली, कारण एवढ्यावर ती नेहमी हसते.

"मग पत्रात ते मजेत, मजेत काय असतं?"

"पत्रात तसं लिहायची पद्धत आहे."

"तहसीलदाराला लिहिता का मला?"

मी कातरलेली सुपारी डब्यात भरायला लागलो.

तिनं पॉलिश लावलं. वरून लावलं, कडेनं लावलं, फडकं ताणून चमक आणली. मग दोन्ही बूट माझ्यासमोर सरळ ठेवले आणि हात धुवायला आत गेली. जागेचा विषय मी काढला नाही, तिनंही काढला नाही. आत तिला मुलीच्या दप्तराची आवराआवर करताना ऐकलं. पहिली तारीख मंगळवारी होती. मी मनाशी ठरवून टाकलं, की मंगळवारी घरमालकांना नको म्हणून सांगायचं आणि बुटांना नवा तळ लावून घ्यायचा.

एरवी ही मला स्टँडवर पोचवायला येत नसे. त्या दिवशी चप्पल घालून निघाली. मुलीलाही घेतलं. रस्ताभर बोलली ती शेजारच्या लग्नाविषयी. मी "हो का, अरे वा" करत राहिलो. गाडी लागली. मी खिडकीजवळ बसलो. मुलगी खाली उड्या मारत होती. ही पदर खोचून उभी, काहीतरी हिशेब मांडत असल्यासारखी. कंडक्टरनं घंटी मारली, तशी ती एकदम खिडकीशी आली.

"अहो, त्या मागच्या जागेपासून दळणाची गिरणी किती लांब आहे?"

"गिरणी? कोपऱ्यावरच आहे. का?"

"मग मंगळवारी मालकांना हो सांगा, आणि आम्ही येईपर्यंत जरा लांबची गिरणी शोधून ठेवा," ती गाडीबरोबर दोन पावलं चालत म्हणाली. "पायांना एवढी हौस आहे ना, तर यापुढं डोक्यावर दळण घेऊन चाला."